बोकडाचा होकार

ताडकळस,
ता. २२ जून १९८६

ती. बानूआक्कास,
सटवाजीचा रामराम.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. भिवराचा गुडघा दुखतो, पण तो बोलण्यापुरताच, कामाला लागली की विसरते. तुझ्या बोकडाबद्दल लिहायचं म्हणून आज बसलो.

अंगदच्या आधी तुझी दोन लेकरं गेली, म्हणून तो झाला तेव्हा तू सटवाईला बोललीस, पोरगं जगलं तर जावळाला बोकड देईन. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणजे बोकडही मामाच्याच कळपातला. मी काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं करडू निवडलं आणि डावा कान कापून देवीच्या नावाने सोडलं. त्याला आता चार वर्षं झाली. पोराच्या डोक्यावर वेणी आली आणि बोकडाच्या डोक्यात मस्ती. शेळ्यांना धड चरू देत नाही. परवा दिनकररावांच्या कडब्यात शिरला. ते काठी घेऊन धावले, कान बघितला आणि काठी खाली ठेवून मलाच शिव्या दिल्या. बाजारातला व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कान दिसला की हात काढून घेतो. कुणी विकत घेत नाही, कुणी मारत नाही. गावाचा जावई होऊन बसला आहे.

तर जावळ कधी करायचं ते कळव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला केलं तर बरं, त्या दिवशी तसंही घरोघरी मटण असतं. दाजींना रामराम सांग.

तुझा भाऊ,
सटवाजी


वालूर,
ता. ६ जुलै १९८६

चि. सटवास,
बानूचा दंडवत प्रणाम.

असं कसं लिहिलं म्हणून हसू नकोस. चैत्रात मी आणि तुझ्या दाजींनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. ते आधीपासूनच मठात जायचे, मी नंतर जायला लागले. तिथे सुलाबाई म्हणून तपस्विनी आहेत, त्या दुपारी आम्हा बायांना पोथी समजावून सांगतात. माझं चौथीपर्यंतचं शिकणं पहिल्यांदाच कामाला आलं.

आता मी पाणीसुद्धा गाळून पिते. डोळ्याला न दिसणारा जीव फडक्यात अडवायचा आणि चांगला दिसणारा, ओरडणारा जीव कापायचा, हे मला जमायचं नाही. शिवाय आमच्यात सटवाईला मानत नाहीत. मग जिला मानायचं नाही तिचा नवस तरी कसा मानायचा? दाजी म्हणतात, प्रश्न मिटला. त्यांचा मिटतो, माझा मिटत नाही. अंगद शिंकला तरी मला सटवाई आठवते. सासूबाई दगडाबाई तर रोज ऐकवतात, "देवीचं तिला दिलं न्हाई अन् पोरगं वाढवायलीस, लय महागात पडंल बाई तुला." मी पाणी गाळायला उठते.

पण बोकड कापायचा नाही, एवढं माझं ठरलं आहे. तो आपल्या मरणाने मरेपर्यंत तुझ्याकडे राहू दे. आणि सटवा, एक विचारते. मी तुझ्याच घरात वाढले, पण हे कधी विचारलं नाही. पिल्लं वाढवून तू खाटकाला देतोस तेव्हा तुला काही वाटतं की नाही? खरं लिही.

तुझी,
बानू


ताडकळस,
ता. २० जुलै १९८६

ती. बानूआक्कास,
रामराम. दंडवत माझ्या हातून लिहवत नाही, राग मानू नकोस.

पत्राची सुरुवात वाचून मला वाटलं टपालवाल्याने दुसऱ्याचं पत्र दिलं. उपदेश घेतलास, चांगलं केलंस. भिवरा म्हणते वन्सं आता आमच्या घरचं पाणी पितील का? म्हटलं गाळून दे, पितील.

तू खरं लिही म्हणालीस. वाटतं. पण काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. माघात शेळी विताना अडली तर मी कोपरापर्यंत हात घालून पिल्लू बाहेर काढतो. थंडीत ते माझ्या घोंगडीत असतं आणि मी उघडा. लांडगा आला तर मी पुढे होतो, कुत्रं माझ्या मागे. आणि तेच पिल्लू वर्षाने बाजारात नेताना मी पुढे चालतो, मागे वळून बघत नाही. यातलं एक खरं आणि एक खोटं असं मला कधी वाटलं नाही. सगळे बोकड म्हातारे होईपर्यंत ठेवले तर शेळ्यांनी काय खावं? त्यांच्या पिल्लांनी काय खावं? तू चहात आमचंच दूध घालत होतीस, आणि त्या दुधाच्या वाट्याचा बोकड कुठे गेला हे तुला माहीत होतं. तू विचारलं नाहीस आणि आम्ही सांगितलं नाही, एवढंच.

पण देवीच्या बोकडाचं वेगळं असतं, हे तू विसरलीस का? त्याला आपण विचारतो. देवीच्या ओट्यापुढे उभा करून पाठीवर पाणी टाकायचं आणि थांबायचं. त्याने अंग झाडलं तर तो तयार आहे, देवीनेही घेतला. नाही झाडलं तर सुरी उचलायची नाही. बाजारात कोण विचारतं? माणसालासुद्धा कुणी एवढं विचारत नाही. तुझ्या मठात हे सांगून बघ, त्या बाई काय म्हणतात ते मला ऐकायचं आहे.

बोकड माझ्याकडे राहील. तू म्हणतेस तोवर राहील. पण ज्याने कान कापला तो मी आहे, देवीपुढे मीच बोललो होतो की हा तुझा. तू पंथ बदललास, मी कुठे बदलला? माझ्याही डोक्याला घोर आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
सटवाजी


परभणी, दवाखान्यातून,
ता. ३१ ऑगस्ट १९८६, रविवार

सटवा,

अंगदला बारा दिवस झाले ताप आहे. मुदतीचा ताप म्हणतात. आधी सेलूला दाखवलं, पाच दिवसांपासून इथे आहोत. बाटली लावली आहे. तो मला ओळखतो, पण मधूनच भलतंच बोलतो.

काल नर्सबाईंनी त्याची वेणी कापली. जटा झाली होती, उवा झाल्या होत्या, डोक्यावर पाण्याची घडी बसेना. त्या चांगल्यासाठीच करत होत्या. मी नको म्हणायला उठले. त्यांना मी म्हणू का की हे केस मामाच्या मांडीवर निघायचे आहेत? कात्रीचा आवाज ऐकत उभी राहिले. सासूबाईंनी खाली पडलेले केस लुगड्यात गोळा केले आणि तिथेच बसकण मारली. म्हणाल्या, "जावळ गेलं अन् बोकड हाय तसाच. आता ती लेकराला नेती बघ."

सटवा, मला काही सुचत नाही. हे पत्र मिळेल त्या दिवशी नवस फेडून टाक. जावळ मी जपून ठेवलं आहे, ते मागाहून नेऊन ठेवता येईल. बोकड तेवढा दे. विचारायचं असेल तर विचार, पण दे. दाजींना सांगितलेलं नाही, ते बैलांसाठी वालूरला गेले आहेत. मठात कळलं तर कळू दे. माझं पोरगं राहू दे.

बानू


परभणी,
ता. ४ सप्टेंबर १९८६, गुरुवार

चि. सटवास,
बानूचा दंडवत प्रणाम.

अंगदचा ताप उतरला. परवा मंगळवारी सकाळी अंगाला घाम सुटला आणि दुपारी उठून बसला. मऊ भात खाल्ला, आणखी मागितला. डॉक्टर म्हणाले आता भीती नाही, चार दिवसांनी घरी न्या.

रविवारी मी तुला एक पत्र टाकलं होतं. ते मिळालं असेल तर फाडून टाक आणि त्यातलं काही करू नकोस. तेव्हा मी माझ्यात नव्हते. औषधाने गुण आला आहे, बोकडाला हात लावू नकोस. इथे विद्यापीठाच्या नामांतरासाठी रस्ते अडवले आहेत, मंगळवारपासून गाड्या बंद आहेत. आधीचं पत्र कुठेतरी अडकून पडलं असेल अशी आशा आहे. उद्या गाड्या सुटतील असं म्हणतात. लगेच उत्तर दे, वालूरच्या पत्त्यावर.

आज पोळा. पहिल्यांदाच मी घरी नाही.

तुझी,
बानू


ताडकळस,
ता. १२ सप्टेंबर १९८६

ती. बानूआक्कास,
रामराम.

अंगद बरा झाल्याचं वाचून भिवरा रडली आणि मग माझ्यावरच ओरडली, की तुम्हाला कळलं कसं नाही. मला कसं कळणार? रस्ते बंद, टपालाची गाडी बंद. गाडी आली तेव्हा तुझी दोन्ही पत्रं एकाच थैलीतून आली. आधी कोणतं वाचावं तेही समजेना. नशीब दुसरं आधी फोडलं.

बोकड खुशाल आहे. काळजी करू नकोस. अंगदला ताक देऊ नका इतक्यात.

फार लिहीत नाही, मेंढरांची कातरणी चालू आहे.

सटवाजी


वालूर,
ता. २५ सप्टेंबर १९८६

चि. सटवास,
बानूचा दंडवत प्रणाम.

तुझं पत्र वाचून मी देवघरापुढे बसून राहिले. केवढ्या संकटातून सुटले ते माझं मलाच माहीत. अंगद आता भिंत धरून चालतो. डोक्यावर खुंट उगवले आहेत, शेजारची पोरं त्याला गोसावी म्हणतात.

मठात मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं. एवढंच, की नवसाचा बोकड होता, घरचे मागे लागले होते, पोरगं आजारी होतं, तरी कापू दिला नाही. सुलाबाईंनी सगळ्या बायांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाल्या, जीव वाचवणाऱ्याचा जीव वाचतो. बाया मला आता पुढे बसवतात. मला बरं वाटतं आणि तिथून उठून जावंसंही वाटतं. असं का होतं ते कळत नाही.

भाऊबीजेला मी अंगदला घेऊन येते. त्याला तो बोकड बघायचा आहे. मी त्याला सांगितलं आहे, तो तुझा भाऊ आहे. भुईमुगाचा वाळलेला वेल आणते. तो खातो ना?

तुझी,
बानू


ताडकळस,
ता. १६ नोव्हेंबर १९८६

ती. बानूआक्कास,
रामराम.

तू भाऊबीजेला येऊन गेलीस, त्यानंतर मला नीट जेवण गेलेलं नाही. मेंढरं घेऊन आता बाहेर पडायचं आहे, म्हणजे सहा महिने पत्र नाही. त्याआधी लिहून टाकतो.

तू ज्याला वेल चारलास तो आपला बोकड नव्हता. आपला मी पाच सप्टेंबरला, करीच्या दिवशी कापला. रविवारचं पत्र शुक्रवारी सकाळी हातात पडलं. दुसरं सोमवारी आलं. दोन्ही एकदम आली हे मी खोटं लिहिलं. रस्ते अडले होते, तेवढंच खरं. मग तू येते म्हणालीस, म्हणून तसाच टिळा असलेला दुसरा काळा बोकड शोधला आणि त्याचा कान कापला. भिवराला मी शपथ घातली होती.

हे एवढंच असतं तर कदाचित लिहिलंही नसतं. आणखी एक आहे. त्याने अंग झाडलं नाही.

ओट्यापुढे उभा केला, पाणी टाकलं. शांत उभा. माझ्याकडे बघतो आहे, कारण एरवी मी हातात काही घेऊन जवळ गेलो की ते खायचं असतं. दुसऱ्यांदा टाकलं. नाही. कापायला बोलावलेला मुल्ला सुरी घेऊन थांबलेला, भावकी जमलेली, आणि माझ्या खिशात तुझं पत्र, माझं पोरगं राहू दे. तिसऱ्यांदा मी पाणी पाठीवर टाकलं नाही. त्याच्या कानात ओतलं. कानात पाणी गेलं की कुठलाही बोकड अंग झाडतो. सगळे म्हणाले, दिला कौल.

मी तुला जुलैत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आम्ही विचारतो. कानात पाणी हे मला आपल्या बापाने शिकवलं. अडला की करायचं, सगळेच करतात. आजवर मला ते काम वाटत होतं, त्या दिवशी फसवणूक वाटली. वीस वर्षांत मी किती बोकडांना विचारलं आणि किती जणांचं उत्तर मीच दिलं, ते आठवायला बसलो की डोकं भणाणतं. बाजारात न विचारता नेतो, ते तरी सरळ म्हणायचं.

आणि दुसरं कोडं. अंगदचा ताप मंगळवारी उतरला, बोकड शुक्रवारी गेला. मग तो कशासाठी गेला? भिवरा म्हणते, "वन्संनी चिठ्ठी लिवली तवाच देवीला पोचलं." म्हटलं, मग कापायची काय गरज होती? तर म्हणते, "तुमी लय इचारता. जेवा आता." तिचं बरोबर असेल तर नवस पोचला. नसेल तर तो फुकट गेला, आणि मी फसवून फेडलेला नवस अजून तुझ्या पोराच्या डोक्यावर आहे. तू शिकलीस, पोथी वाचतेस. यातलं काय खरं ते मला सांग.

तो दुसरा बोकड आता माझ्या गळ्यात आहे. कान कापलेला, म्हणून कुणी घेत नाही. तू हाताने चारलंस, म्हणून मला विकवत नाही. त्याचं काय करू?

तुझा अपराधी,
सटवाजी


वालूर,
ता. २३ नोव्हेंबर १९८६

चि. सटवास,

तू निघायच्या आत मिळावं म्हणून आलेल्या दिवशीच लिहिते.

तू बोकड बदललास, पण मी कुणाची लेक आहे हे विसरलास. वेल चारताना मी त्याचा ओठ वर केला. दोनच दात बदललेले होते. आपल्या चार वर्षांच्या बोकडाचे आठही दात बदललेले हवेत. कानाच्या कापलेल्या कडेवर केसही उगवले नव्हते. मला तिथेच कळलं. तरी मी सगळा वेल त्याला चारला आणि अंगदला म्हटलं, बघ, तुला ओळखतो. भिवरा तोंड फिरवून उभी होती. तिला काही बोलू नकोस, मी तिच्यापेक्षा चांगली खोटी वागले.

काल मठात जाऊन मी सुलाबाईंना सांगितलं. बोकड कापला गेला, आणि कापायला मीच लिहिलं होतं, हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आई होतीस, घाबरलीस, लगेच सावरलीस, पत्र उशिरा पोचलं त्याला तू काय करणार. मी मान हलवली आणि घरी आले. एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. ती तुलाच सांगायची आहे, कारण तू मला कानातल्या पाण्याचं सांगितलंस.

तू विचारतोस यातलं काय खरं. नवसाचं मला माहीत नाही. देवी आहे की नाही, तिला पोचलं की नाही, मला आता कुठलीच बाजू धरता येत नाही. त्या दुसऱ्या बोकडाला ठेव की विक, हेही ठरवता येत नाही. मी ठेव म्हणाले तर मला चांगलं म्हणवून घ्यायला आणखी एक बोकड मिळेल. आपला बोकड कशासाठी गेला, एवढं मात्र मी सांगू शकते.

अंगद मंगळवारी दुपारी भात खाऊन झोपला. टपालपेटी दवाखान्याच्या फाटकातच होती. आंतर्देशीय पत्र माझ्या पिशवीत होतं, पेनही होतं. मी लिहिलं नाही. बुधवारी लिहिलं नाही. मी दमले होते असं स्वतःला सांगितलं, पण मी दोन्ही दिवस शेजारणीशी गप्पा मारत बसले होते. मला वाट बघायची होती. ताप पुन्हा चढला तर सटवाईला बोकड पोचलेला असावा, आणि नाही चढला तर मी नको म्हणाले होते असंही असावं. दोन्हीकडून मला सुटायचं होतं. बोकड तुझ्यासमोर तीनदा उभा राहिला आणि इकडे मी दिवस मोजत होते. गुरुवारी, पोळ्याच्या दिवशी, पहिलं गाड्या अडण्याआधी सोमवारीच निघून तुला मिळालं असेल आणि काम झालं असेल, असं वाटलं तेव्हा मी दुसरं पत्र लिहायला बसले.

तू खोटं लिहिलंस म्हणून स्वतःला अपराधी म्हणतोस. टपालाची गाडी मंगळवारपासून अडली होती ती शुक्रवारी सुटली. मी मंगळवारी पत्र टाकलं असतं, तर तू लिहिलंस तसंच झालं असतं, दोन्ही पत्रं एकाच थैलीतून आली असती.

तुझी बहीण,
बानू